मदत हवी आहे: काटेरी डोक्याच्या कृमींच्या सोंडेतली आधारपेशी कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

सांगलीत एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. डिझर्टेशनसाठी मरळ माशांच्या आतड्यातले काटेरी डोक्याचे कृमी, म्हणजे ॲकँथोसेफाला, घेतलेत. बाजारात मासे साफ करणाऱ्या मावशी आतडी वेगळी बांधून ठेवतात. तिथे मला आता सगळे 'किडेवाला'च म्हणतात.

सोंड गोलसर, तिच्यावर आकड्यांचे 4 फेर, खाली धडावर बारीक काटे. म्हणून हे पॅलिसेंटिस या वंशातले कृमी धरून चाललोय. विषय मात्र सोंडेच्या टोकाच्या आणि बाजूच्या संवेदी अवयवांना आधार देणाऱ्या पेशीचा आहे. गाईडसरांना डुकरातल्या मॅक्राकँथोऱ्हिंकसशी तुलना हवीय. त्याच्या मेंदूतल्या 86 पेशीसुद्धा लोकांनी मोजून ठेवल्यात, आमच्या मरळवाल्याचं एवढं कोण करतंय!

अडचण अशी: आडव्या सेक्शनमध्ये (पातळ कापात) सोंड जिच्यात आत ओढली जाते त्या पिशवीत, मेंदूच्या जरा पुढे, एक मोठी पेशी दिसते. पेशीद्रव्य एकच, केंद्रकं बरीच. ही आधारपेशी, की सोंड आत ओढणाऱ्या स्नायूचा भाग? या प्राण्यांत बहुकेंद्रकी ऊतक जागोजागी असतं, त्यामुळे नुसत्या केंद्रकांवर भरवसा वाटत नाही. त्यात आकडे कडक, ब्लेड लागलं की नेमकं टोकच फाटतं.

कोणी हे काम केलंय का?

प्रतिसाद

केंद्रकं मोजत बसू नका, फाटा शोधा. आधारपेशीतून निघालेला फाटा पुढे सोंडेच्या टोकाकडे जातो. स्नायूत तंतू दिसतील, चेतापेशी मधल्या तंतूंच्या गुंत्याभोवती बसलेल्या असतील. एका आडव्या कापात हे कळणार नाही. सलग कापांची मालिका लावा, आणि दोनचार कृमी उभे कापा.

सोंड बाहेर यावी म्हणून कृमी फ्रिजमध्ये गार पाण्यात ठेवत असाल. आकडे मोजायला ते ठीक, पण पाणी शिरून ऊतक फुगतं. सेक्शनसाठीचे कृमी वेगळे ठेवा. सोंड आत वळलेली असेल तर फाट्याची दिशाही फसवते.

तुलनेबद्दल सरांशी बोलून घ्या. डुकरातला कृमी आर्किॲकँथोसेफाला वर्गातला, तुमचा इओॲकँथोसेफालातला. पेशीची जागा वेगळी निघाली तर तो फरक वर्गाचा की यजमानाचा, हे दोनच जातींवरून सांगता येणार नाही. उंदरातला मोनिलिफॉर्मिस घेतलात तरी तोही डुकरातल्याच्याच वर्गातला. माशातलाच, पण पॅलिॲकँथोसेफालातला एखादा मिळतोय का बघा.

सेक्शन किती मायक्रॉनचे घेताय?