मदत हवी आहे: 'गेट' हे क्रियापद आईला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

आई साठीनंतर इंग्रजी शिकतेय. रोज संध्याकाळी आम्ही दोघी वही घेऊन बसतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. 'गेट'समोर तिने 'मिळणे' लिहिलं आणि गाडी तिथेच अडकली. परवा नातवाने मेसेजमध्ये लिहिलं, 'आय गेट इट'. आई म्हणाली, "काय मिळालं गं त्याला?"

मी सांगितलं, इथे 'कळलं' असं घ्यायचं. मग 'गेट टायर्ड' म्हणजे दमणे, 'गेट होम' म्हणजे घरी पोचणे, 'गेट अप' म्हणजे उठणे. उजवा रकाना भरला, पण नवं वाक्य आलं की ती पुन्हा 'मिळणे'वरच येते.

शेवटी मी आपलं 'लागणे' पुढे केलं. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, बाळ चालायला लागतं, नको असलं तरी जावं लागतं. 'लागणे'चा एकच अर्थ सांग म्हटलं तर सांगता येत नाही, शेजारचा शब्द बघावा लागतो. हे तिला फार पटलं. 'गेट'पुढे वस्तू आली तर बहुधा मिळणे किंवा आणणे, विशेषण आलं तर होणे, ठिकाण आलं तर पोचणे. 'आय गॉट माय हेअर कट' तर न सांगता कळलं, कारण आपणही केस 'कापून घेतो'. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे सही करायला लावली, हेही जमलं.

आता अडलंय ते दोन ठिकाणी.

'आय गॉट टू सी हर' म्हणजे तिला भेटायला मिळालं आणि 'आय हॅव गॉट टू सी हर' म्हणजे भेटायलाच हवं. कागदावर फरक दिसतो. पण बोलताना 'हॅव'चा जेमतेम 'व्ह' उरतो, कधी तोही गळतो. मग ऐकताना ओळखायचं कसं? पुढचा-मागचा संदर्भ हे उत्तर मला माहीत आहे, आईला त्याहून हाताशी येणारं काही हवंय.

दुसरं, 'द विंडो वॉज ब्रोकन' आणि 'द विंडो गॉट ब्रोकन'. पहिल्यात काच फुटलेली होती की फोडली गेली, दोन्ही निघतं. दुसऱ्यात फक्त फुटण्याची घटना. अशा जोडीची रोजच्या वापरातली चार-पाच वाक्यं कुणी द्याल का?

अमेरिकन 'गॉटन' (तिकडचं 'गेट'चं तिसरं रूप) तूर्त बाजूला ठेवलंय. शिकवणाऱ्यांपैकी कुणी ते आधी घेतं का, तेही सांगा.