प्रिंट केलेली दाताची कॅप किती टिकते? उद्या सकाळी कळवायचंय

घोडबंदरची_आई: मुलीच्या दाढेवर थ्रीडी प्रिंटरवर काढलेली कॅप बसवू म्हणतायत. एका बैठकीत होईल, मापाला तोंडात लगदा भरायचा नाही, म्हणून ती खूश आहे. पण टिकेल का? कुणी बसवलीय?

पाचपाखाडी: दुधाची दाढ की पक्की? वय? रूट कॅनाल झालंय?

घोडबंदरची_आई: पक्कीच हो! तेरावं चालू आहे. रूट कॅनाल नाही. गार पाण्याने कळवळते.

नेरुळ_पूर्व: झिर्कोनियाच (दातासारखं पांढरं, कडक सिरॅमिक) घ्या. माझी सहा वर्षं झाली, काही झालेलं नाही.

पाचपाखाडी: तुमचं वय काय नि तिचं काय! या वयात दातातली नस मोठी असते, फार घासता येत नाही. हिरडीही अजून खाली सरकते, कॅपची कड उघडी पडते. माझ्या मुलाला स्टीलची बसवली, दात जवळजवळ न घासता.

नेरुळ_पूर्व: मुलीच्या तोंडात चांदीसारखी दाढ? हसली की दिसणार.

वाशी_से१७: दात वाकडे असतील तर आधी तारा लावून घ्या.

ऐरोली_लॅब: वाकड्या दातांचं त्यांनी विचारलेलंच नाही. मी डेंटल लॅबमध्ये काम करतो. प्रिंटची कॅप म्हणजे सिरॅमिकची पूड मिसळलेलं रेझिन, एक प्रकारचं प्लास्टिकच. छापल्यावर स्पिरिटने धुऊन लाइटखाली पक्की करावी लागते, तिथे घाई झाली की ती कच्ची राहते. झिर्कोनियापेक्षा लवकर झिजते. मात्र फुटली तर कॉम्प्युटरवर तिची फाइल असते, दुसरी काढता येते. रेझिन तात्पुरत्या कॅपचं की कायमच्या, एवढं विचारा. ताई, दाढ किडलीय की मुळातच तशी आली?

घोडबंदरची_आई: सहाव्या वर्षी आली तेव्हाच पिवळट, खडूसारखी होती. आता कोपरा तुटलाय.

ऐरोली_लॅब: हे आधी सांगायचं ना! मग समोरच्या दातांवर डाग आहेत का बघा. एमआयएच, म्हणजे दाताचं वरचं कवच (इनॅमल) मुळातच कच्चं असेल, तर सहाव्या वर्षी येणाऱ्या बाकीच्या तीन दाढाही तपासायला हव्यात. अशा इनॅमलवर चिकटवलेलं नीट धरत नाही, कॅप कितीही चांगली असली तरी. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांनाच दाखवा.

घोडबंदरची_आई: आहेत, वरच्या दोन दातांवर पांढरे. आत्ताच फोन केला. रेझिन तात्पुरत्याचं निघालं, पैसे मात्र कायमच्या कॅपचे सांगितले होते! उद्याची वेळ रद्द केली. नेरुळच्या डी. वाय. पाटील डेंटल कॉलेजला केसपेपरसाठी किती वाजता पोचावं?