लिनक्सला बिचकणाऱ्यांना इन्स्टॉल न करता ते कसं दाखवावं?

प्रश्न
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत पण ठणठणीत आहेत, अशांना लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) सुचवायचं आहे. काम ब्राउझर, पत्रं, प्रिंट आणि मराठी टायपिंग एवढंच. अडतं एकाच ठिकाणी, "माझ्या फाइली गेल्या तर?" सुरुवात कशी करून द्यावी?

उत्तर १
पहिल्या दिवशी 'इन्स्टॉल' हा शब्दच काढू नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जातं), लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या आवृत्तीची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टीमची एकच फाइल) रुफस किंवा एचर या प्रोग्रामने त्यावर लिहा. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, संगणकावर काही घालावं लागत नाही. फाइल नुसती कॉपी केली तर त्यावरून संगणक सुरू होत नाही, नवखे हमखास इथेच अडकतात. मग विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि 'यूज अ डिव्हाइस'मधून पेनड्राइव्ह निवडा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांब आकडा, आधी लिहून ठेवा.

दोन गोष्टी आधीच सांगा. पेनड्राइव्हवरून सगळं संथ चालतं, कारण प्रत्येक फाइल यूएसबीतून वाचली जाते. हे माहीत नसलं तर 'लिनक्स हळू आहे' असा ग्रह कायमचा बसतो. दुसरं म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह केलेलं फक्त रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) असतं, बंद केलं की गेलं. ज्याला फाइली जायचीच भीती आहे, त्याचं पहिलंच पत्र असं गायब झालं तर तो पुन्हा हात लावणार नाही.

वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग लावा (म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला मिळतं) आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून त्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) घाला.

उत्तर २
पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून विंडोजची डिस्क उघडून त्यांचेच फोटो दाखवा, भीती तिथे निम्मी होते. पण आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ चुकलेलं दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक.

प्रश्नकर्ता
आणि मराठी टायपिंग?

उत्तर ३
इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) वापरणाऱ्यांना कीबोर्ड सेटिंगमधून मांडणी जोडली की झालं. रोमनमधून लिहिणाऱ्यांसाठी आयबस (लिनक्समध्ये इतर भाषा टाइप करण्याचं साधन) यासोबत एम१७एनचं पॅकेज (त्यात भाषांच्या टायपिंग पद्धती असतात) घालून आयट्रान्स ही रोमन अक्षरांतून लिहिण्याची पद्धत निवडा. त्यात 'काम' लिहिताना के, दोनदा ए, एम आणि पुन्हा ए दाबायचा. शेवटचा ए राहिला तर पाय मोडलेला 'म्' उमटतो. हा सराव आधी करून घ्या.

फोटोशॉप किंवा ऑटोकॅडवर पोट असलेल्यांना मात्र आग्रह करू नका, त्यांची लिनक्स आवृत्ती नाही. बाकीच्यांना आधी विंडोजवरच फायरफॉक्स ब्राउझर आणि पत्रं लिहायचं लिबरऑफिस महिनाभर वापरू द्या, लिनक्सवरही हीच असतात.