१७ डिसेंबरला शाळेत विमानवाल्यांचा दिवस करायचाय, फोटो कुणाकुणाचे लावू?

मांजराकाठचा मास्तर:
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पाचवी ते सातवीची लेकरं शिकवतो. गावावरून विमानं जातात, लई उंचावरून, नुसती पांढरी रेघ दिसते, पण लेकरं खेळ सोडून वर बघत उभी राहतात. परवा मधल्या सुट्टीत सहावीतली एक पोरगी विचारायली, सर पहिल्यांदा ज्यानं हे उडवलं त्याला भेव वाटलं नसंल का? मी राइट बंधू, १९०३ एवढं सांगितलं आणि थांबलो, पुढचं मला सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

म्हणून ठरवलं की १७ डिसेंबरला, म्हणजे त्यांच्या उड्डाणाच्या दिवशी, कार्यक्रम घ्यायचा. पण आपल्याकडं कार्यक्रम म्हणलं की फोटो, हार, नारळ, दोन भाषणं, बिस्किटाचा पुडा आन् झालं. लेकराला नावसुद्धा ध्यानात राहत नाही. मला तसं नको. पाच फोटो फ्रेम करण्यापुरते पैसे जमलेत. गावातले काही जण म्हणायलेत मधोमध मुंबईच्या तळपदेंचा फोटो लावा, त्यांनी आधी विमान उडवलं म्हणतात, राइट बंधूंचा कशाला. तर कुणाचे लावू, आणि भाषणाच्या जागी काय करू, मनापासून सांगा.

जुना एअरमन, उदगीर:
सर, आधी तुमचं अभिनंदन. मी हवाई दलात जमिनीवरचा माणूस, विमानाच्या खाली पडून आयुष्य गेलं, त्यामुळं जरा लांब लिहीन, वाचून घ्या.

फोटो नंतर बघू. आधी मैदानावर फक्कीनं १२० फुटांची रेघ आखा. पहिलं उड्डाण एवढंच होतं, १२ सेकंद आणि १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर, आपल्या खो-खोच्या मैदानापेक्षा जरासं जास्त. ऑर्विल विमानात पोटावर झोपलेला आणि मोठा भाऊ विल्बर पंखाला धरून शेजारून पळायलेला. लेकरांना तसंच पळायला लावा आणि मोठ्यानं बारा अंक मोजायला लावा. मग सांगा की त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद राहिला आणि ८५२ फूट गेला. तेवढी रेघ शाळेत मावणार नाही, पार गावाच्या रस्त्यावर न्यावी लागंल, आणि तिथवर चालत गेलं की लेकरांना एका दिवसातला फरक पायानं कळतो. पहिल्या झेपेचा जो प्रसिद्ध फोटो आहे ना, तो काढणारा जॉन डॅनियल्स, समुद्रकाठच्या बचाव ठाण्यावरचा माणूस, त्यानं आधी कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. हे पण सांगा, अशा माणसाचाही त्यात वाटा असतो.

दुसरं म्हणजे टूथपेस्टचं रिकामं खोकं प्रत्येकाला आणायला सांगा. दोन्ही टोकं उघडी करायची आणि दोन हातात धरून उलटसुलट पिळायचं. १८९९ साली सायकलच्या ट्यूबचं लांबट खोकं असंच हातात पिळताना विल्बरला सुचलं की पंख असे पिळले तर विमान एका अंगाला कलंडवता येईल किंवा सावरता येईल. तेव्हा बाकीचे लोक इंजीन मोठं कसं करायचं याच्या मागं होते, ह्या दोघांनी आधी सांभाळायचं कसं ते धरलं. सायकलच्या दुकानातली माणसं, त्यांना माहीत होतं की सायकल ताकदीवर नाही, तोलावर चालते. १९०१ सालचा त्यांचा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, हिशेबाप्रमाणं उचलंना, तर नशिबाला दोष देत बसले नाहीत. घरी येऊन लाकडी पेटीचा, आतून वारं सोडायचा बोगदा केला आणि पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने त्यात तपासले.

आणि त्या पोरीला सांगा, भेव वाटलं असणारच. त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलिएंथाल दोनेक हजार वेळा ग्लायडरवर उडाला आणि १८९६ ला पडून गेला. ह्या दोघांनी त्याचं काम वाचलं होतं, त्याचं मरणही त्यांना माहीत होतं. म्हणून माझ्या मते लिलिएंथालचा फोटो पाहिजेच.

सातमाळा:
काकांनी छान सांगितलं, पण तळपदेंना सोडून कसं चालंल? १८९५ ला मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदेंनी विमान उडवलं असं लहानपणापासून ऐकत आलोय. आपला मराठी माणूस, आपणच विसरलो तर कोण आठवण ठेवणार.

जुना एअरमन, उदगीर:
दादा, तुमचा जिव्हाळा कळतो मला, मी पण हेच ऐकत मोठा झालो. तळपदे विमानाच्या ध्यासानं झटणारे होते, त्यांचं नाव लेकरांनी ऐकावं. पण ते विमान उडाल्याचा भक्कम पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचं नाव त्यांच्या जोडीनं घेतात त्यातल्या विमानांचा अभ्यास १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी केला, ती उडणारी नाहीत असं त्यांना दिसलं. ज्या पोरीनं खरा प्रश्न विचारला तिला आपण खात्रीचंच सांगावं. ध्यासाचा मान द्या, उड्डाणाचा शिक्का मारू नका.

सातमाळा:
पटलं काका. मग मराठी पोरांना जवळचं वाटंल असं कुणीतरी पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

नांदेडची लेक:
सर, मी सांगते. प्रेम माथुर. विमान चालवायचं लायसन्स हातात होतं तरी बाई म्हणून एकामागून एक विमान कंपन्यांनी नाही म्हणलं, आणि १९४७ ला नोकरी दिली ती डेक्कन एअरवेजनं. ही कंपनी हैदराबादची, निजाम सरकार आणि टाटांची मिळून. आता बघा, तेव्हा औसा, नांदेड, उदगीर सगळं निजामाच्याच राज्यात, आपला मुक्तिसंग्राम अजून संपलेला नव्हता, १७ सप्टेंबर १९४८ यायचा होता. आपले आजे-पणजे ज्या राज्यात राहत होते त्याच राज्याच्या कंपनीत व्यावसायिक विमान चालवणारी पहिली भारतीय बाई कामाला लागली. हे आपल्याला शाळेत कुणी कधीच सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि सरला ठकराल. १९३६ ला, वय २१, घरी चार वर्षांची लेक, आणि साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. तुमच्या वर्गातल्या पोरींच्या आयाही साडीच नेसतात, त्या दिवशी त्यांनाही बोलवा, हा फोटो त्यांना दाखवा. मराठी नाव पाहिजे तर कॅप्टन सौदामिनी देशमुख, १९८५ ला कोलकाता-सिलचर विमान सगळ्या बायकांनी मिळून नेलं त्याच्या कॅप्टन त्या होत्या.

गोदाकाठ:
जेआरडी टाटा कुणीच घेतले नाहीत अजून? १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातलं एक नंबरचं वैमानिक लायसन्स त्यांचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन छोट्या पस मॉथ विमानातून एकटे निघाले, अहमदाबादला उतरले तर तिथं पेट्रोलचे डबे बैलगाडीवरून आणलेले, ते भरून मुंबईला जुहूला उतरले. विमानाला तेल पाजायला बैलगाडी! आपल्या लेकरांना ह्याचं चित्र काढायला लावा. पन्नास वर्षांनी, १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास परत केला.

पण मला आवडते ती १९३० ची गोष्ट. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यात एकट्यानं उडणाऱ्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून निघालेले, अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा पोरगा तिकडून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले, अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग काढून दिला. बक्षीस अस्पीनं जिंकलं, आणि पुढं १९६० ला तोच हवाई दलाचा प्रमुख झाला. ह्याची नाटुकली बसवा सर, दहा मिनिटांची, दोनच पात्रं, एखाद्या मोटरसायकलवाल्याकडून जुना प्लग आणला की झालं.

मांजराकाठचा मास्तर:
काय बोलू. रात्री जेवण सोडून वाचत बसलो. फोटो ठरले: राइट बंधू एका फ्रेममध्ये, लिलिएंथाल, जेआरडी आणि अस्पी शेजारी शेजारी, प्रेम माथुर. तळपदेंवर मी स्वतः पाच मिनिटं बोलणार, काकांनी सांगितलं तसं. सरलाबाई आणि सौदामिनी मॅडमची माहिती पोरी हातानं लिहून फळ्यावर लावतील. प्लग गावातल्या गॅरेजवाल्यानं लगेच दिला, वर म्हणला मी पण येतो बघायला.

काका, एक विचारायचं राहिलं. १२ सेकंदात १२० फूट म्हणजे माणूस पळंल एवढाच वेग की. लेकरं विचारतील, मग विमान वर राहिलं कसं?

जुना एअरमन, उदगीर:
बरोबर पकडलं सर. त्या दिवशी समोरून ताशी चाळीसेक किलोमीटरचं वारं होतं. पंखाला जमीन किती सरकली ते कळत नाही, अंगावरून वारं किती गेलं तेच कळतं. डिसेंबरात सकाळी आपल्याकडं वारं पडलेलं असतं, म्हणून कागदाची विमानं दुपारीच उडवा आणि वाऱ्याकडं तोंड करून सोडा. रेघही वाऱ्याच्याच दिशेनं आखा. मी १६ ला संध्याकाळी येतो, टेप घेऊन, रेघ आपण दोघं मिळून मारू.