बाबांची गोळी आणि 'यूज्ड टू'

विषय: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: एक सभासद

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. नोकरीतला सगळा पत्रव्यवहार बाबांनी इंग्रजीतून केलेला, म्हणून मी मध्ये बोलले नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, 'आय यूज्ड टू टेक इट एव्हरी मॉर्निंग.' डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी टाइप केलं. बाहेर आल्यावर हातातला कागद वाचला, तर त्या गोळीपुढे 'स्टॉप्ड' असा शेरा. बाबा ती गोळी आजही घेतात, एक दिवस चुकवत नाहीत! आम्ही परत गेलो तोवर डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले होते. नर्सने लगेच दुरुस्ती करून दिली.

पण घरी आल्यापासून बाबा गप्प आहेत. 'मी चुकीचं काय बोललो?' हे दोनदा विचारलं त्यांनी. चुकलं हे मला कळतं, का चुकलं ते सांगता येत नाही. शनिवारच्या वर्गाच्या ताईंनी किंवा कुणीही नीट लिहिलं तर मी त्यांना वाचून दाखवीन.

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: शनिवारच्या इंग्रजी वर्गाच्या ताई

बाबांना आधी हे सांग, की त्यांच्या मनातलं वाक्य बिनचूक होतं. 'मी ती रोज सकाळी घेत असतो.' मराठीत आजची सवय सांगायला आपण 'असतो' जोडतो, आणि इंग्रजी बोलताना त्या 'असतो'साठी काहीतरी शोधत राहतो. 'यूज्ड टू' सवयीचा म्हणून तोच हाताशी येतो. माझ्या वर्गात दर वर्षी हे होतं, आणि उत्तम इंग्रजी येणाऱ्यांचंही होतं.

इंग्रजीत आजच्या सवयीला साधा वर्तमानकाळ पुरतो. 'आय टेक इट एव्हरी मॉर्निंग.' बस. आपल्याला हे वाक्य उघडं वाटतं, पण ते पूर्ण आहे. एके काळी इंग्रजीतही 'यूज' हे क्रियापद वर्तमानातल्या सवयीसाठी चालत असे. तो वापर मागे पडला आणि भूतकाळातलं रूप तेवढं उरलं. म्हणून 'आय यूज्ड टू टेक इट' म्हणजे 'घ्यायचो'. आणि 'घ्यायचो' म्हटलं की ऐकणारा 'आता घेत नाही' असंच धरून चालतो. मराठीतही तसंच धरतो ना आपण? अजूनही घेतो असं सांगायचं असेल तर 'अँड आय स्टिल डू' असं मुद्दाम जोडावं लागतं.

घोळ वाढवणारं जुळं भावंड म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू टेकिंग इट'. याचा अर्थ 'मला ती घ्यायची सवय झाली आहे, त्याचं काही वाटत नाही'. 'ॲम' आला की पुढे 'टेकिंग', 'ॲम' नसेल तर 'टेक'.

कान तयार करायचा असेल तर उच्चारावर लक्ष ठेवायला सांग. सवयीचा 'यूज्ड टू' बोलताना 'यूस्टु' असा, 'स'ने होतो. 'वापरलं' या अर्थाचा 'यूझ्ड' मात्र 'झ'चा. आणि प्रश्न विचारताना 'डिड' आला की लिहिताना शेवटचा 'डी' गळतो, उच्चार तोच राहतो.

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: आणखी एक सभासद

ताई, याच धाग्यात विचारतो. मी 'यूज्ड टू'च्या जागी सर्रास 'वुड' म्हणतो, ते जास्त सहज वाटतं. परवा लहानपणाबद्दल बोलताना म्हणालो, 'आय वुड हॅव अ बायसिकल.' समोरचा माझ्याकडे बघतच राहिला, पुढे मी काय म्हणणार याची वाट बघत असल्यासारखा. 'वुड'नेही भूतकाळातली सवय सांगता येते ना?

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: ताई

येते दादा, पण फक्त करण्याच्या गोष्टींची. आपला 'यचा' दोन्हीकडे चालतो: 'माझ्याकडे सायकल असायची', 'मी सायकलवरून जायचो'. इंग्रजी इथे वाट दुभागते. जाणं, वाचणं, लिहिणं ही पुन्हा पुन्हा केलेली कामं, तिथे 'वुड' छान बसतो. असणं, राहणं, ओळखणं, आवडणं या स्थिती, तिथे 'वुड' चालत नाही. 'आय यूज्ड टू हॅव अ बायसिकल' किंवा नुसतं 'आय हॅड अ बायसिकल'.

समोरचा वाट बघत होता याचं कारणही यातच आहे. आधी काळ सांगितलेला नसेल किंवा क्रियापद स्थितीचं असेल, तर 'वुड' ऐकून त्याला 'जर' आठवतो. 'असती' असं ऐकू येतं त्याला: माझ्याकडे सायकल असती, जर...

यासाठी मला आपला रीतिभूतकाळ फार उपयोगी वाटतो. 'ती खिडकीशी बसे, चष्मा पुसे आणि पत्र लिही.' हा सूर तुम्ही एकाकी वाक्यात लावत नाही. आधी कुणाची, कधीची गोष्ट ते सांगून झालेलं असतं. 'वुड'चा सूर तोच. इंग्रजीत आठवणी सांगताना बहुतेक वेळा पहिलं वाक्य 'यूज्ड टू'ने उघडतं आणि पुढची 'वुड'वर चालतात. फक्त आपल्या 'असे'ला तिथे जागा नाही, एवढा फरक लक्षात ठेवा.

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: वाचनगटातले काका

ताईंनी सवयीचं फार छान उलगडलं. मला त्याच्या शेजारच्या 'हॅड'बद्दल लिहायचं आहे, कारण तो आपल्या लोकांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त खटकतो.

मुली, तुझ्याच पत्राचं पहिलं वाक्य पाहा: 'गेल्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते.' सुरेख मराठी. आपलं 'होते' एवढंच सांगतं, की जाऊन आले, ती गोष्ट उरकली. आता हेच इंग्रजीत 'आय हॅड टेकन हिम टू द डॉक्टर लास्ट वीक' असं नेलंस, तर ऐकणारा मनात विचारतो, 'कशाच्या आधी?' तिथे साधं 'आय टुक हिम' हवं.

हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली काळांची मांडणी तीन बिंदूंनी केली: घटना घडली तो क्षण, आपण बोलतो तो क्षण, आणि जिथे उभं राहून त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. 'टुक'मध्ये घटना आणि नजर एकाच जागी असतात. 'हॅड टेकन'मध्ये घटना आधीची, नजर तिच्यानंतरच्या पण भूतकाळातल्याच एका जागी, आणि बोलणं आत्ताचं. ती मधली जागा वाक्यात किंवा आसपास दिसली नाही की 'हॅड' लोंबकळतो.

तुझ्या पत्रात तोही आहे. 'आम्ही परत गेलो तोवर डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले होते.' परत जाण्याचा क्षण ही मधली जागा झाली. इथे 'द डॉक्टर हॅड गॉन' अगदी बरोबर. मराठीत दोन्हीकडे 'होते' आहे, इंग्रजीत एकाच ठिकाणी 'हॅड'.

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: ताई

काका, हे उदाहरण मी शनिवारी फळ्यावर लिहिणार.

एक राहिलं. एकूण किती वर्षं किंवा एकूण किती वेळा हे सांगताना 'यूज्ड टू' नको. 'तिथे सहा वर्षं काम केलं' हे 'आय वर्क्ड देअर फॉर सिक्स इयर्स'. आठवड्यातून तीनदा जायचो, हे मात्र 'यूज्ड टू'ने खुशाल सांगा, कारण ती सवय आहे, बेरीज नाही. आणि 'रोज जात होतो'चं 'आय वॉज गोइंग डेली' करू नका, 'आय वेंट एव्हरी डे' म्हणा.

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: एक सभासद

ताई, काका, सगळं वाचून दाखवलं. सायकलीच्या वाक्यापाशी बाबांनी थांबवलं आणि वही मागितली. थोड्या वेळाने हे लिहून दिलं:

'आय यूज्ड टू वॉक टू द ऑफिस. आय वुड लीव्ह ॲट सेव्हन. आय वुड नो एव्हरीवन ऑन दॅट रोड. आय टेक वन टॅब्लेट एव्हरी मॉर्निंग.'

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. तिसऱ्याबद्दल त्यांना शंका आहे.

---

उत्तर: 'यूज्ड टू' नेमकं कधी म्हणायचं?
प्रेषक: ताई

शंका रास्त आहे. ओळखणं ही स्थिती, म्हणून 'वुड' नाही. 'आय न्यू एव्हरीवन ऑन दॅट रोड' असं लिहायला सांग. 'आय यूज्ड टू नो एव्हरीवन' हेही चालेल, पण मग आता ती ओळख उरली नाही असं ऐकू येईल. दोन्हींतलं खरं कोणतं, ते बाबांनाच विचार.