नागपूर ते फोंग न्या (व्हिएतनाम): १२ जणांची गुहा मोहीम, हनोईच्या पुढे कसं जावं?

गुहाभटक्या
मार्चमध्ये आम्ही १२ जण फोंग न्याजवळच्या हांग एन गुहेत जातोय. मोहिमेचे पैसे भरले, कोलकाता–हनोई तिकिटं झाली. हनोई ते फोंग न्या अडलंय. सोबत हेल्मेट, हेडलॅम्प, बूट, ड्राय बॅगा (पाणी न शिरणाऱ्या). गटात दोन कॉलेजची पोरं आहेत, म्हणून हनोईच्या पुढे माणशी ३,००० रुपयांच्या वर जाता येणार नाही. रेल्वे, बस की विमान?

वर्धारोडवाला
विमानच करा भाऊ. डोंग होईला विमानतळ आहे, तिथून फोंग न्या ४५ किमी. आम्ही बाली पूर्ण विमानानं केलं, अंग अजिबात दुखलं नाही. तीन हजारांत काय होते? सहा-सात धरून चाला.

सक्करदरा_ट्रेकर
व्हिएतनाम कशाला पण? मेघालयात क्रेम लियात प्राह गुहा ३० किमीहून लांब आहे. व्हिसा नाही, काही नाही. आपली पोरं पैसा बाहेर घालून राहिली.

गुहाभटक्या
दादा, मेघालय करायचंच आहे. पण इथले पैसे भरून झाले.

गिट्टीखदान_०७
हनोईत व्हॅन भाड्यानं घ्या, स्वतः चालवत जा. मी दुबईत चालवली आहे.

अजनी_लोको
अजिबात नको. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारातलं, व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतो. अपघात झाला तर विमासुद्धा हात वर करतो.
रात्रीची रेल्वे घ्या. हनोई–डोंग होई ५२२ किमी, साधारण दहा तास. चार बर्थच्या कप्प्यात १२ जण म्हणजे बरोबर तीन कप्पे. स्टेशनवरून गाडी घेताना १६ सीटरवर भागवू नका, १२ माणसं बसली की सामानाला जागाच उरत नाही. २९ सीटर सांगा. आणि मोहिमवाल्यांना आधी विचारा, डोंग होईहून नेणं बरेचदा त्यांच्याच पैशात असतं.

गिट्टीखदान_०७
दुबईत तर चालते.

काकू_लक्ष्मीनगर
नागपूर–कोलकाता वेगळं तिकीट असेल तर मधे एक रात्र ठेवाच. आमचं पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं हातचं गेलं, कंपनीनं दमडी परत दिली नाही. देशांतर्गत विमानात १५ किलोच सामान धरा, १२ जणांचे बूट-हेल्मेट त्यात कसे बसवणार? हेडलॅम्पच्या जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. ई-व्हिसावर नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षर न् अक्षर.

सीताबर्डीकर
हेल्मेट कशाला नेता? तिथे देतात. बाकी विमानच बरं.

वर्धारोडवाला
तेच तर सांगून राहिलो. स्लीपर बस मात्र चुकूनही नका घेऊ, पाय पसरत नाहीत.

गुहाभटक्या
सगळ्यांचे आभार. ठरलं: नागपूर–हावडा गीतांजली, कोलकात्यात एक रात्र मुक्काम. हनोईहून जाताना स्लीपर बसच. ती थेट फोंग न्या गावात सोडते, सामान एकदाच चढवायचं, आणि पोरांना परवडते. येताना रेल्वेचे तीन कप्पे. मोहिमवाल्यांना मेल टाकलाय, डोंग होईला सोडून देतात का म्हणून. हेल्मेट आमचीच नेणार. पोरांच्या डोक्याला नीट बसलेली आहेत, तिथे कोणतं मिळेल त्यावर मी सोडणार नाही.

अजनी_लोको
जातानाही रेल्वेच करा बाप्पा. सकाळी गाडीतून उतरून लगेच गुहेत शिरू नका, एक दिवस मधे ठेवा.

गुहाभटक्या
एक दिवस ठेवलाय. बस पक्की.