नाशिकमध्ये जेंडरबद्दल समजून घेणारा थेरपिस्ट कसा शोधायचा?

धाकटा भाऊ 22चा, घरचे अजून मुलगीच समजतात, सिडकोतल्या एका काउन्सेलरने लग्न लावा म्हणून सांगितलं, तेव्हापासून तो गप्पच आहे. काय करू?

— लग्न लावा म्हणणाऱ्याकडे परत अजिबात नेऊ नका. 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी कन्व्हर्जन थेरपी (म्हणजे जेंडर किंवा लैंगिक कल 'बदलायचा' प्रयत्न) गैरवर्तन ठरवलीये. आधी फोनवरच विचारा, ट्रान्स लोकांसोबत काम केलंय का, त्याला 'तो' म्हणाल का, उत्तरावरून लगेच कळतं.

— ऑनलाइन बघा, मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेचा क्वीअर अफर्मेटिव्ह (म्हणजे एलजीबीटी लोकांना आहे तसं स्वीकारून काउन्सेलिंग करायचा) कोर्स केलेले थेरपिस्ट मिळतात. रात्रीबेरात्री जास्तच त्रास झाला तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, मोफत आहे, मराठीत बोलतात.

— ताई, सोबत जा पण आत त्याला एकट्यालाच बोलू दे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, हे त्याला आधीच सांग.